झाकण

पंचेचाळीस मिनिटं.
चाकं थांबल्यापासून चाकं सुटेपर्यंत एवढीच मुभा,
आणि तेवढ्यात वीज, हवा, इंधन, पाणी,
मैला उपसायचा, बॅगा उतरवायच्या, दुसऱ्या चढवायच्या.
मी मोजलं होतं, एका पंखाभोवती अकरा गाड्या,
लग्नघरातल्या व्याह्यांसारख्या
पुढे पुढे करणाऱ्या.

म्हणून मी सगळं जमिनीखाली नेलं.
विमानाच्या नाकापासून आठ फूट डावीकडे एक खड्डा, त्यात वीज.
पुढच्यात गरम हवा.
तिसऱ्यात पाणी, चुंबळीसारखी गुंडाळून ठेवलेली नळी.
विमान येईल, दावणीला उभं राहील,
तीन झाकणं उघडतील,
आणि बाकी फरशी पुसलेल्या ताटासारखी.
त्या नकाशाचा मला अभिमान होता. लपवत नाही.

मिनिआपोलिस, जानेवारी, उणे सव्वीस.
वार्सामे म्हणाला, कागद इथेच ठेव. बाहेर चल.
गेट सतरावर नमुन्याची झाकणं बसवून
आम्हाला तीन आठवडे झाले होते.
त्याच्या दाढीत बर्फाचे मणी.
त्याने स्वतःचे हातमोजे काढून मला दिले.
हे घाल आणि उघड.

खाच चार बोटांची होती, मीच आखलेली.
मोज्यात माझी बोटं दोनच मावली.
वरून दडपलेला बर्फ,
त्यात पंखांवरून ओघळलेलं नारिंगी रसायन
साखरेच्या पाकासारखं घट्ट.
मी गुडघ्यावर बसले. ओढलं.
मग मूर्खासारखा मोजा काढला,
आणि तर्जनीची थोडी कातडी
झाकणाला देऊन आले.

तो हसला नाही.
कोपऱ्यावर टाचेने तीनदा मारलं, पहार लावली.
झाकण कण्हत उघडलं.
चाळीस गेट, म्हणाला,
दिवसाला सात विमानं,
प्रत्येकाला तीन झाकणं.
गुणाकार तुला येतो.

येतो.
आठशे चाळीस.

बोट शेकायला मी पाण्याच्या ट्रकमध्ये चढले.
मार्लिस एंगेब्रेटसन, एकोणीस वर्षं हाच ट्रक,
आरशाला लटकवलेला लाकडी मासा,
थर्मासमध्ये पाणचट कॉफी.
तिने हीटरची झडप माझ्या हाताकडे वळवली
आणि समोरच्या काचेकडे बघत विचारलं,
तुझ्या नकाशात मी कुठे उभी राहते?

नकाशात तिचा ट्रक तुटक रेषेत होता.
तुटक रेषेचा अर्थ खाली सूचीत दिला आहे,
रद्द.
मी म्हणाले, हे सगळं टप्प्याटप्प्याने होणार आहे.
खोटं नव्हतं ते.
ती म्हणाली, हं.
मिनेसोटात ‘हं’ला फार अर्थ असतात,
आणि बहुतेक सगळे मला लागू होते.

फेब्रुवारीभर मी झाकण आखत होते.
खाच काढून टाकली. टाचेने दाबायची पट्टी,
कडेला तापणारी तार,
झाकण वर ढकलणारी स्प्रिंग.
खर्च वाढला, दोन बैठका झाल्या,
एका गृहस्थांनी विचारलं,
लोकांना वाकायला काय होतं?
मी प्लास्टर लावलेलं बोट टेबलावर ठेवलं.
त्याने काही झालं नाही.
आठशे चाळीसने झालं.

मार्चच्या शेवटी वार्सामेने टाच मारली,
झाकण उघडलं, एकाच फटक्यात.
बरं आहे, म्हणाला,
आणि लगेच पुढच्या गोष्टीची तक्रार,
पाण्याची नळी रात्री आतल्या आत गोठते.

तेव्हा मी नकाशात एक ट्रक परत आणला.
राखीव, गेट सतराच्या मागे, अखंड रेषेत.
बाकीचे पाच तुटकच राहिले.
त्या पाचांची नावं मी कधी विचारली नाहीत.

चौकोनात नाव लिहायची आमच्यात पद्धत नाही.
छापील प्रतीवर मी पेन्सिलीने लिहिलं
आणि सहीला पाठवण्याआधी खोडून टाकलं.
कागद तिरपा धरला
तर दाब अजून दिसतो,
मार्लि
इथपर्यंत.